गाडीखालचा आवाज

परवा नागापूरच्या आमच्या गॅरेजात हवेचा पाइप फुटला आणि फुस्स आवाज झाला. हातातला पाना टाकून मी भिंतीला चिकटलो. सगळे हसले. मला मात्र पुणतांब्यातला तो गोठा आठवला.

अण्णा तिथले बागायतदार. त्यांच्या मुलानं हौसेनं घेतलेली लाल स्पोर्ट्स कार कडब्याच्या आडोशाला कित्येक वर्षं पडून होती. गावच्या रस्त्यावर ऑइलचं चेंबर फुटून इंजिन जाम झालेलं. मला ती गाडी पार्ट काढून विकायला हवी होती. गाडी इतकी बुटकी, की गिअरबॉक्स बघायला गाल जमिनीला टेकवून आडवं व्हावं लागलं. शेणाचा, उंदरांचा आणि जुन्या ऑइलचा वास नाकात शिरला. मी खाली हात घातला.

फुस्स. लांबलचक, दमदार आवाज. कुठूनतरी हवा सुटतेय असं समजून, गळती शोधायच्या सवयीनं मी कान आणखी जवळ नेला, बोटं पुढं सरकवली.

पलीकडून वाकून बॅटरी मारणारे अण्णा एकदम हळू आवाजात म्हणाले, "मिस्तरी, हलू नका. घोनस हाय. हाताला लागूनच हाय."

तेव्हा कुठं डोक्यात आलं, चारही टायर कधीचेच बसलेत. या गाडीत सुटायला हवा होतीच कुठं?

घामाचा थेंब नाकावरून ओघळला, तोही पुसता आला नाही. शेवटी ती सावकाश कडब्यात शिरली. गाडी मी घेतली.

तेव्हा भीती वाटली ती घोणशीची. आता वाटते ती माझीच. ती बिचारी जीव तोडून लांब राहा म्हणत होती, आणि मी ऐकायला जवळ जात होतो.