आतोबांनी नापास केलेले नऊ डबे

दोन वर्षांच्या मुलाच्या हातात रंगीत क्लेचा गोळा देण्याआधी तुम्ही तो स्वतः चाटून पाहिला आहे का? नसेल, तर आमच्या आतोबांच्या लेखी तुम्ही बेजबाबदार आहात, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. बाजारातल्या झाडून साऱ्या क्लेची चव तोंडपाठ असलेला माणूस अख्ख्या बडोद्यात एकच, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. "निळा तुरट, लाल कडवट, हिरव्याला काहीच चव नाही म्हणून तो सर्वांत संशयास्पद," हे ते अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, आंब्याच्या जातींबद्दल चाललंय.

आतोबांची सगळी नोकरी रिफायनरीच्या लॅबमध्ये गेली. नमुना घ्यायचा, तपासायचा, पास की नापास ते लिहायचं. निवृत्त झाले तेव्हा नमुने येणं बंद झालं, पण तपासणी चालूच राहिली. आत्याच्या आमटीला ते आजही "पास" म्हणतात, छान म्हणत नाहीत. आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा चळवळींची पत्रकं जास्त यायची, त्यामुळे सोळाव्या वर्षी मीही एक पत्रक काढलं आणि मोठ्या अभिमानानं त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी ते उजेडासमोर धरलं, अंगठा घासला आणि परत दिलं. "शाई बोटाला लागते. नापास." मजकुराबद्दल अवाक्षर नाही.

तर या आतोबांची नात, रेवा, वय पावणेतीन, गेल्या हिवाळ्यात आई-बाबांबरोबर तीन आठवड्यांसाठी कॅनडाहून आली. फोनच्या पडद्यावर रोज आजोबांना टाटा करणारी ही मुलगी दारात आतोबांच्या मिशा प्रत्यक्ष बघून जी आईच्या ओढणीत शिरली, ती दोन दिवस बाहेरच येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी आतोबा स्कूटर काढून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "चल. तिच्या हाताला काहीतरी काम पाहिजे. हात कामात असला की माणूस घाबरत नाही." तीन आठवड्यांत ही पोर एकदा तरी आपणहून आपल्याजवळ यावी, एवढंच त्यांना हवं होतं. मागणी साधी होती. पद्धत मात्र लॅबची होती.

फतेगंजच्या खेळण्यांच्या दुकानात त्यांनी खिशातून जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी काढली. "या डबीत जे मावतं ते लहान मुलाच्या घशात अडकतं," असं मला सांगून ते क्लेच्या प्रत्येक सेटमधला प्रत्येक साचा, प्रत्येक चाक, बाहुलीला चिकटवायचा प्रत्येक डोळा डबीत घालून पाहू लागले. दुकानदारानं अर्धा तास सहन केलं, मग घ्यायचंय की धाड घालायचीय ते विचारलं.

"काका, तमारे लेवुं छे के रेड पाडवी छे?"

"बन्ने," म्हणजे दोन्ही, असं आतोबा म्हणाले, आणि डबीत मावलेला एक डोळा त्याच्या तळहातावर ठेवला. "आ शुं छे? खोक्यावर तीन वर्षांच्या पुढे लिहिलंय. आमची पावणेतीनची आहे."

"त्रण महिनामां शुं फेर पडे, काका? बधा आपे छे. कशुं थतुं नथी."

सगळे देतात, काही होत नाही. या एका वाक्यावर या देशात काय काय खपवलं गेलंय, याच्यावर मी तिथल्या तिथे भाषण ठोकणार होते, पण आतोबांनी माझ्या हातात दोन डबे देऊन मला गप्प केलं. त्यांचा राग माझ्यासारखा वाफेचा नव्हता. ते फक्त विकत घेत होते, घरी नेत होते आणि नापास करत होते. एका डब्याला स्ट्रॉबेरीचा वास आला: "खाऊचा वास आला की मूल खाणारच. ही फसवणूक आहे." एकाचा रंग पांढऱ्या रुमालाला लागला. एक रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी चुन्यासारखा भुगा झाला. दोन आठवड्यांत नऊ डबे नापास झाले, आणि रेवाच्या हाताला त्यातला एकही लागला नाही. ती दारातून टेबलावर वाकलेल्या, मिशांवर निळा ठिपका असलेल्या माणसाकडे बघायची आणि पळून जायची.

"अहो, परीक्षा तुम्ही घेताय आणि नापास ती पोर होतेय," आत्या म्हणाली. "ती परत जाईल आणि तुम्ही चाटत बसाल."

हे लागलं असावं. दुसऱ्याच दिवशी आतोबांनी स्वतः कणीक घेतली, तिच्यात निम्मं मीठ, तेल आणि हळद घातली, कढईत परतून लोण्यासारखा मऊ पिवळा गोळा केला आणि स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला. आयुष्यभर प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावणाऱ्या माणसानं त्या डब्यावर चिठ्ठी लावली नाही.

त्या दिवशी डभोईहून व्याही आले, म्हणजे सुनेचे वडील. आतोबा आंघोळीला गेले होते. आत्यानं फ्रिज उघडला, पिवळा गोळा पाहिला, सुनेनं बापासाठी थेपल्यांचं पीठ मळून ठेवलंय असं समजून तिचं मनोमन कौतुक केलं, गोळा परातीत काढला आणि तवा ठेवला. व्याही अत्यंत सभ्य माणूस. पहिल्या घासाला त्यांचे डोळे भरून आले, तरी "सरस छे, वेवाण, सरस छे" म्हणत त्यांनी तीन पेले ताकाबरोबर एक थेपला पूर्ण संपवला. तेवढ्यात आतोबा केस पुसत आले, आणि त्यांना परात दिसली.

"तो माझा गोळा आहे," ते म्हणाले.

मग व्याह्यांनी ताटातल्या दुसऱ्या थेपल्याकडे पाहिलं, आतोबांकडे पाहिलं, आणि विचारलं, "वेवाई, हुं पास के नापास?"

आत्या हसता हसता खाली बसली. आतोबांना मात्र हसू येईना. पाच दिवस उरले होते. ते तसेच ओल्या केसांनी भिंतीला टेकून फरशीवर बसले, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच टेबल-खुर्ची सोडून खाली. रेवा दारात उभी होती. आता तो चेहरा तिच्या उंचीवर आला होता. ती हळूहळू परातीपाशी गेली, उरलेल्यातला लिंबाएवढा गोळा उचलला, तळहातांत दाबून चपटा केला आणि आतोबांच्या गुडघ्यावर ठेवला.

"खा," ती म्हणाली.

आतोबांनी तो उचलला, मिशांपर्यंत नेला आणि खोटं खोटं चावत म्हणाले, "वा, काय छान झालंय." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक नमुना न तपासता पास केला, आणि शब्दही "पास" नव्हता.

पुढचे पाच दिवस नव्या गोळ्यावर गेले. फरशीवर समोरासमोर बसून त्यांनी साप केले, लाडू केले, एक चिमणी केली. जेवणाच्या आधी आतोबा स्वतः तिचे हात धुवायचे, चमच्याच्या मागच्या टोकानं नखं साफ करायचे. ती चिमणी आता वाळून कडक झालीय, चोच तुटलीय, आणि कपाटात नोकरीच्या शेवटच्या दिवशी मिळालेल्या घड्याळाशेजारी उभी आहे. आतोबा अजून दुकानांत जातात. रेवा पुढच्या खेपेला चार वर्षांची होऊन येईल आणि डबीची गरज उरणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. डबी तरीही खिशात असते.

प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मागणी असते. माझी ही आहे: मुलासाठी क्ले आणाल तेव्हा डोळे, चाकं तपासा, वास घ्या, दुकानदार हसला तर हसू द्या. पण डबा मुलाच्या हातात देऊन उठून जाऊ नका. फरशीवर बसा, आणि समोर जे येईल ते छान झालंय म्हणा.