अस्वलाची सवय

धानोऱ्याच्या जंगलरस्त्यावर एका माणसाने दोनदा माझी स्कुटी अडवली, म्हणून पन्नाशीत मी बायांच्या वर्गात पकड सोडवायला शिकायला गेले. उद्या पुन्हा त्याच रस्त्याने एकटीनेच जायचं होतं. शिकवणाऱ्या पोरीने मागून दोन्ही हातांनी कवळ घातली आणि मी धाडकन पालथी! हात मानेवर, श्वास बंद. अस्वल आलं की मेल्याचं सोंग करायचं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं.

"बाई, निजल्या काऊन?" ती ओरडली. "अस्वल वास घेऊन जाते, माणूस नाई जात! कंबर खाली सोडा, त्याचा अंगठा मुरगाळा!"

बाया हसून लोळल्या. सातव्या खेपेला मी सुटले. टाळ्या पडल्या, सगळ्या घरी निघाल्या. मला मात्र चैन पडेना.

"पोरी, तू हलकंच धरलं होतं ना? आता खरं धर."