कपाटातलं नवं गॅस्केट

बाळांनो, तुमच्यातल्या मोठ्याचं परदेशातून पत्र परवा आलं. तिकडे मजुरी फार, म्हणून त्यानं गाडीचं इंजिन घरीच खोललं आणि इनटेकचं जुनं गॅस्केट बरं दिसलं म्हणून तेच परत बसवलं. पत्रात हे मोठ्या कौतुकानं लिहिलं आहे. म्हणून आज लिहायला बसले. ही गोष्ट मी तुमच्या आईलाही सांगितलेली नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही धरमपेठेत राहत होतो. तुमचे आजोबा कचेरीत कारकून. त्यांनी एक जुनी विलायती गाडी घेतली होती आणि दर रविवारी ती स्वतःच दुरुस्त करत. त्यांचे हात ग्रीसनं भरलेले, म्हणून गाडीचं इंग्रजी पुस्तक मी स्टुलावर बसून वाचायची. माझं बी.ए.चं इंग्रजी त्या घरात तेवढ्याच कामाला येत होतं.

त्या हिवाळ्यात उमरेडच्या मुलींच्या शाळेनं मला मुलाखतीला बोलावलं. सासऱ्यांनी होकार दिला, पण एकदाच. जागा मिळाली तर रोज बसनं जाऊन ये, नाही मिळाली तर पुन्हा नोकरीचा विषय काढायचा नाही. मी ते कबूल केलं.

आजोबा म्हणाले, गाडीनंच नेतो. आदल्या रविवारी त्यांनी इंजिन खोललं. हवा-पेट्रोल आत नेणारा इनटेकचा नळ इंजिनाला जोडतात तिथे मध्ये गॅस्केट असतं, हवा शिरू नये म्हणून. ते एका कोपऱ्यात फाटलं होतं. मी पुस्तकातलं वाचून दाखवलं: एकदा काढलेलं परत बसवू नये. ते सीताबर्डीच्या बाजारात जाऊन नवं घेऊन आले. खाकी कागदातलं ते तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट मी पाहिलं आणि स्वयंपाकाला आत गेले. संध्याकाळी विचारलं, नवं बसवलं ना?

"बसवलं. तू निर्धास्त राहा."

म्हणून मी सकाळची बस सोडली.

सक्करदऱ्याचा तलाव मागे पडला आणि इंजिन शीळ घालू लागलं, मग बंदच पडलं. जवळच एका टपरीत मिस्त्री होता. घरचा हातमाग सोडून या धंद्यात आलेला. त्यानं नट सोडवून गॅस्केट माझ्यासमोर धरलं. फाटका कोपरा मी लगेच ओळखला.

"बाई, हे तं जुनंच हाये. फट बुजवाले वरून साबण चोपडला हाये."

आजोबा चष्मा पुसू लागले. नवं कुठे आहे, मी विचारलं.

"कपाटात."

"घरात नवं असून काहून नाही लावलं साहेब?" मिस्त्रीनं विचारलं.

"नवं आहे ते," आजोबा म्हणाले. "हे अजून चाललं असतं."

आमच्या घरात नवी चादर पाहुण्यांसाठी ठेवत, नवी छत्री पुढच्या पावसाळ्यासाठी. जुनं पुरतं संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. मीही तशीच वागत होते, नाही असं नाही. पण मी विचारलं होतं, आणि ते "बसवलं" म्हणाले होते. त्यांना मी नोकरी करणं नको असतं तर भांडता आलं असतं. तसं काहीच नव्हतं. माझा तो एक दिवस आणि तांब्याचा तो पत्रा, यांत त्यांनी पत्रा जपला.

मिस्त्रीनं पुठ्ठा कापून गॅस्केट केलं. आम्ही उमरेडला पोहोचलो तेव्हा शाळेचा शिपाई खुर्च्या आत नेत होता. जागा सकाळीच दुसऱ्या बाईंना दिली होती. परतताना आजोबा दोनदा म्हणाले, पुठ्ठा छान बसला. सासऱ्यांनी त्यांचा शब्द पाळला आणि मीही माझा पाळला, नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

घरी आल्यावर कपाटातलं गॅस्केट मी माझ्या ट्रंकेत ठेवलं. आजोबांनी ते कधी मागितलं नाही. गाडी पुढे पुठ्ठ्यावरच विकली गेली. आजोबा गेले, ते घरही राहिलं नाही. गॅस्केट अजून माझ्या ट्रंकेत आहे, त्याच खाकी कागदात, एकदाही न वापरलेलं.