नाल्यापलीकडचं निळं घर

काल राजापेठेत आमच्या घरी लेक मातीची इवली घरं जलरंगानं रंगवत होती. त्या ओल्या वासानं मी अकोल्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत पोचले.

प्रदर्शनासाठी मी गावाची प्रतिकृती केली होती. आमचं काडेपेटीएवढं निळं घर हौसेनं चावडीशेजारी मांडलं होतं.

"तुमच्या लोकायचं घर इथं काहून? नाल्यापलीकडं पायजे," म्हणत सरांनी ते उचलून तिकडे ठेवलं. ओल्या रंगावर त्यांची बोटं उमटली.

मला पहिला नंबर मिळाला.

बाबा पाहायला आले.

"आपलं घर तिथं कोनं ठेवलं?"

"सरांनी. म्हणून तर नंबर आला!"

बाबांनी निळ्या घरावरच्या बोटांच्या ठशांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "रंग लय चांगला देला, माय."

तेव्हा मला ती शाबासकी वाटली. त्यांना दुसरं काही बोलता आलं नव्हतं, हे आता कळतं.