आत्याचं पंधरा वर्षांचं खातं

दुसऱ्याचं 'नको' आयुष्यात एकदाही मनावर न घेतलेली एकच बाई मी पाहिली, ती म्हणजे तीर्थपुरीची माझी आत्या. डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलं, तर पुढच्या तपासणीला ती त्यांच्यासाठीच ठेच्याचा डबा घेऊन गेली आणि म्हणाली, "आधी खाऊन पाहा, मंग बंद करा म्हना." कंडक्टर 'इथं थांबा नाही' म्हणाला, की "मी उतरून राह्यले, तुमची गाडी जाऊ द्या पुढं," असं म्हणत ती एसटीच्या दारात अशी उभी राही, की ड्रायव्हर मुकाट्यानं ब्रेक लावी.

राजूरजवळचं आजोबांचं रान रस्त्यात गेलं आणि मोबदला मंजूर झाला, तेव्हा माझे वडील, म्हणजे तिचा एकुलता एक भाऊ, हक्कसोडीचे कागद आणि एक भारी साडी घेऊन तिच्याकडे गेले. मीही सोबत होतो. आमच्याकडे बहिणी सही देतातच, त्यामुळे वडिलांनी चहाला बसायचीही तयारी ठेवली नव्हती. आत्यानं साडी उलगडली, पदर खांद्यावर टाकून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "साडी लय आवडली, दादा. सही न्हाई." वडील लाल झाले. ती शांतपणे म्हणाली, "लग्न होईस्तोवर त्या रानात मी खुरपलंय. बापाचं हाये ते. तुझं तुला, माझं मला."

हिस्सा आल्यावर तिचा मुलगा जीप घ्यायची म्हणून मागं लागला. तिनं मात्र एसटीत शेजारी बसलेल्या एका शिक्षिकेकडून पीपीएफचं ऐकलं होतं. मला घेऊन ती थेट पोस्टात गेली. कारकून समजावू लागला, "आजी, पंधरा वर्षांचं खातं आहे. मधे सहजासहजी हात लावता येत नाही."

"तेच पाह्यजे मला. माझा न्हाई, पोराचा न्हाई, कुनाचाच हात नको."

"पण हे टॅक्स वाचवायला काढतात. तुम्हाला टॅक्स लागतच नाही."

"लागत न्हाई म्हनून सरकारनं दिलेली माफी वापस करू का?"

तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. खात्याचं ऐकून वडील घरात ओरडले, "पंधरा वर्षं जगणार आहे का ती?" मी हे तिला सांगितलं, तर तिला आनंदच झाला. म्हणाली, "दादाला सांग, आता जगावंच लागंल." मग दरवर्षी मार्च संपायच्या आत, तीच भांडणाची साडी नेसून, ती ठरलेली रक्कम भरायला जाऊ लागली.

वडिलांनी तिला बोलावणं बंद केलं. भाऊबीजेला ती न बोलावता आली, ताट घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "हक्क सोडला न्हाई, मंग भाऊ कशाला सोडू? टोपी घाल." वडिलांनी तोंड फिरवलं, पण टोपी घातली. पुढं कितीतरी वर्षं ती अशीच येत राहिली आणि त्या खात्यावरून दोघं जोरजोरात भांडत जेवत राहिले.

खात्याची मुदत परवाच्या उन्हाळ्यात संपली. वडील आदल्या हिवाळ्यात गेले होते. पोस्टातल्या मुलीनं विचारलं, "आजी, पैसे काढायचे, का आणखी पाच वर्षं वाढवायचं?" मला वाटलं, ती ताडकन उत्तर देईल. पण ती बाकावर जाऊन बसली.

"दादा पाह्यजे होता आज," ती हळूच म्हणाली. "म्हनला असता, काढ गं, कशाला वाढवती. मंग मी बराबर वाढवलं असतं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या चढ्या आवाजात म्हणालो, "काढून टाक, आत्या. या वयात कशाला वाढवतेस?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "तू कोन रे मला सांगनारा?" असं म्हणून ती माझ्या खांद्याचा आधार घेत उठली आणि खिडकीकडे निघाली.