मी भरलेला बिसाहिनबाईचा फॉर्म

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. चहा घ्या, निवेल. तर ऐका, मी एका जिवंत बाईला मारलं! हो, मीच. सिंचन खात्यातून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झालेला, झुरळ दिसलं तरी बायकोला हाक मारणारा माणूस. आणि मारलं कशानं? बॉलपेननं!

आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या घरी बिसाहिनबाई वीस वर्षं धुणीभांडी करते. विधवा आहे, सरकारची पेन्शन मिळते. दसऱ्याच्या सुमारास एकदा फुललेल्या चेहऱ्यानं आली. "साहेब, पेन्शनवाली मन ला ए साल एक बार एक्स्ट्रा मदद मिलही!" पेन्शनवाल्या बायकांच्या त्या जादा पैशांतून तिला गळकं छप्पर बदलायचं होतं. पावसाळाभर बिचारी घरात पातेली मांडून झोपली होती.

झालं! माझ्या अंगात बाबू संचारला. म्हणालो, "फॉर्म लागेल. मी भरतो."

"तुमाले काहून पायजे नसती भानगड?" आमची ही आतून म्हणाली. "त्या च्वाइस सेंटरात फारम भरून देते त्या पोट्टीले इचारा ना."

"छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका काढल्या मी! मले शिकवून राहिली?"

वॉर्ड ऑफिसात गेलो. खिडकीबाहेर फॉर्मांचे गठ्ठे होते. एकावर ठळक अक्षरांत 'एकमुश्त सहायता'. म्हणजे एकदाच मिळणारी. हाच तो! उचलला. कोणाला विचारलं नाही. विचारतात ते नवशिके, हो की नाही?

पहिला रकाना, परिवाराच्या मुखियाचं नाव. आता आमच्या छत्तीसगडात रेशनकार्डावर घरची मुखिया बाईच असते. लिहिलं, बिसाहिनबाई. पुढचा रकाना, मृत्यूची तारीख. विधवा आहे, म्हणजे नवऱ्याचीच विचारत असणार! आठ वर्षांपूर्वीची, तीही लिहिली. खाली माझा पत्ता, झोकदार सही, आणि दिला खिडकीत.

दिवाळी झाली आणि एका सकाळी बिसाहिनबाई डोळे पुसतच आली. मोहल्ल्यातल्या सगळ्या पेन्शनवाल्या बायकांच्या खात्यात जादा मदत आली होती. फॉर्म न भरता, आपोआप! हिच्या खात्यात मात्र काही नाही. उलट नेहमीची पेन्शनही बंद.

"फॉर्म न भरता?" मी पुन्हा विचारलं.

तेवढ्यात दारात वॉर्ड ऑफिसचे दोन जण. चौकशीला आलेले. त्यांना बसवलं, बिसाहिनबाई चहा करायला आत गेली. एकानं फाइल उघडली आणि आवाज खाली आणला.

"बड़ा दुख हुआ अंकलजी. बिसाहिन बाई गुजरीं कैसे?"

"गुजरीं?" मी खुर्चीतून उडालोच.

"आपने ही तो फॉर्म दिया है. घर का कमाने वाला मुखिया मर जाए, तो परिवार को जो एकमुश्त मिलता है, वही."

आणि नेमकी त्याच वेळी मयत बाई चहा-बिस्किटांचा ट्रे घेऊन बाहेर आली, दोघांना कप दिले. "सक्कर कम तो नइ हे, भैया?"

"ये कौन?"

"बिसाहिनबाई," मी कसाबसा बोललो.

त्याचं बिस्किट कपात बुडालं. दुसऱ्यानं फाइलीतली तारीख वाचली आणि त्याचे डोळेच मोठे झाले. "ये तो आठ साल पहले मरी है! और पेंशन पिछले महीने तक उठा रही थी?"

ट्रे खणकन खाली पडला. "मंय मर गेंव?" तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब, आप मोला मार डारेव?"

खोटं सांगत नाही, तेव्हा जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. वीस वर्षं जिच्या हातचा चहा प्यालो, तिचं छप्पर तर गेलंच, वर जीवही घेतला!

मग सगळा नोव्हेंबर धावपळ. स्कूटरवर पुढे मी, मागे मयत. शपथपत्र, नगरसेवकाचं पत्र, शेजाऱ्यांच्या साक्षी. प्रत्येक खिडकीवर तोच प्रश्न, "मृतक साथ में आई है क्या?" आणि बिसाहिनबाई माझ्यामागून हात वर करून सांगायची, "हव!"

महिनाअखेर ती कागदावर एकदाची जिवंत झाली. पेन्शन सुरू झाली, जादा मदतही आली, घरावर टिनाचं नवं छप्पर चढलं. मी गल्लीत पेढे वाटले.

आणि एक तारखेला माझीच पेन्शन आली नाही.

धावत बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटर पाहिला. "सर, नवंबर में जीवन प्रमाण नहीं दिया आपने?"

अहो, आम्हा पेन्शनरांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं! दुसरीला जिवंत करायच्या नादात मी स्वतःच मरून बसलो होतो. घरी येऊन सांगितलं, तर हिनं कपाळावर हात मारला. "आता एकटे जाऊ नका. बिसाहिनबाईले घेऊन जा, तिले अनुभव आहे."

दुसऱ्या दिवशी गेलो दोघं. मुलीनं फॉर्म पुढे सरकवला. मी खिशातून पेन काढतो न काढतो, तोच बिसाहिनबाईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि मुलीला म्हणाली,

"साहेब जिंदा हे बेटी, मोर गवाही लिख ले. बस, फारम इनला मत भरन देबे!"