कात्री न लागलेली मेंढी

नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कोकरांचे कान कापणं. तिनं कोकरू मांडीत दाबून धरायचं, त्यानं चाकूनं डाव्या कानाचं टोक उडवायचं, उजव्याला खालून खाच पाडायची, आणि तिनं लगेच हळद दाबायची. ती त्यांच्या घराची खूण. काम उरकलं, त्यानं भाकर खाल्ली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि कळप हाकत चरणीला निघून गेला. तो परत आला नाही.

मी म्हातारा झालो, पण ही हकिगत सांगायला बसलो की अजून अंग तापतं. मी चौथी उर्दू शिकलेला माणूस. निजामाच्या पोलिसात जवान म्हणून लागलो. राज्य बदललं, टोपी बदलली, मी जमादार झालो. लोक नव्या फौजदाराला तेव्हाही अमीनसाबच म्हणायचे. ठाणं कोणतं ते सांगत नाही. देवगाव फाट्याहून पायी जाता येईल एवढंच. नावंही सांगत नाही. त्यांची लेकरं आहेत.

गुढीपाडव्यानंतर ती बाई ठाण्यात आली. धनगराची, काखेत लहान मुलगी.

"जमादारसाब, माजा मालक दिवाळीपून घरी न्हाई."

"बरोबर कोण होतं?"

"पालमकडला एक जोडीदार. त्याच्या घरी जाऊन आले मी. तो म्हणतो, त्यानं पूर्णेला व्यापाऱ्याला कळप इकला आन् रेल्वेत बसला."

मला हसू आलं. म्हटलं, "बाई, पूर्णेला जंक्शन आहे. तिकडून गाड्या चहूकडं जातात. मी कोणत्या अंगाला हुडकू?"

"एका अंगाला तरी जा की!" ती म्हणाली.

गेलो नाही. रोजनामच्यात लिहिलं, 'घर सोडून गेला', आणि तिला वाटेला लावलं. त्या काळी माणूस रेल्वेत बसला म्हटलं की पोलीस हात झटकून मोकळा.

पण ही बाई मोकळं सोडणारी नव्हती. दर बाजारच्या दिवशी यायची, लिंबाखाली बसायची. गाव म्हणायचं, त्यानं दुसरी ठेवली असेल. सासू म्हणायची, तूच काहीतरी बोलली असशील. ती कुणाला उत्तर देत नव्हती. मला एकच विचारायची, "हाय का न्हाई, तेवढं सांगा. कुंकू लावू का पुसू?"

जवान तोंड फिरवून हसायचे. मीही दोनदा खेकसलो.

उन्हाचं ती पाण्याला आमच्या क्वार्टरवर जायची. तिथं माझ्या बायकोपाशी सगळं बोलायची. एक दिवस जेवताना बायकोनं ताटात भाकर टाकली आणि म्हणाली, "अवो, त्या बाईचा माणूस सकाळी कोकरांचे कान कापून गेला म्हणं."

"मग?"

"ज्याला कळप इकायचा हाय, तो आपली खूण कशाला घालील?"

घास हातातच राहिला. मी वर्दीतला माणूस, जबानी मी घेतलेली, कागद माझ्या हातचा. आणि जे दिसायला पाहिजे ते चुलीपुढच्या बाईला दिसलं! जेवण अर्ध्यात टाकून उठलो. ती मागून ओरडली, "भाकर तरी संपवा! मेंढरं काय आता दारात उभी हायती का?"

त्या दिवसापासून बाजारात येईल त्याला खूण सांगत सुटलो. व्यापारी, खाटीक, लोकर घेणारे, मेंढ्या कातरणारे. डाव्याचं टोक, उजव्याला खालून खाच. लोक मला बघून आपलेच कान चाचपायचे आणि हसायचे. दोन महिने काही हाती लागलं नाही.

मग एका बाजारी एक म्हातारा कातरकरी फडक्यात कात्री गुंडाळून ठाण्यात शिरला.

"जमादारसाब, पालमकडच्या माळावर एका धनगराचा कळप कातरला. निम्म्या मेंढरांचे कान दोनदा कापल्यात. जुन्या खाचंवर नवी खाच."

"जुनी कशावरून?"

"चाळीस वर्सं कान धरूनच कातरायलोय मी. तुमाला चोराचं तोंड कळतं, मला मेंढराचा कान कळतो. आन् आजून एक. एक मेंढी त्यानं कातरूच दिली न्हाई. लोकर भुईला टेकायलीय. फुकट कातरतो म्हणलं, तर आंगावर आला."

लिंबाखालची बाई कधी उठून दारात आली, मला कळलं नाही.

"काळी हाय का? कपाळाला चांदणी?"

"हाय की. तुला कसं ठावं, माय?"

"माजी हाय ती! देवाची हाय!"

तिनं मुलीला खाली ठेवलं आणि भडाभडा सांगितलं. ही मुलगी तापात जायला लागली होती, तेव्हा ती मेंढी देवाला सोडली होती. अशा मेंढीला नंतर लोखंड लावत नाहीत आणि विकत तर नाहीतच. माणूस उपाशी मरेल, पण देवाची मेंढी व्यापाऱ्याला देणार नाही.

मी टोपी घातली. फौजदारापुढं उभा राहिलो. ते म्हणाले, "जमादार, पालम आपल्या हद्दीत नाही. आणि मेंढीची फिर्याद कोणत्या कलमाखाली लिहू?"

"साहेब, कलम मागून बघा. कळप आज हलला तर मेंढीही गेली आणि माणूसही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तिकडच्या ठाण्याला चिठ्ठी लिहून दिली. मी, एक जवान, कातरकरी आणि मुलीला माझ्या बायकोपाशी ठेवून ती बाई; आधी रेल्वे, मग मोटार, मग पायी. मोटार सुटत होती तर बाई पळत पुढं जाऊन आडवी उभी राहिली. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या. तिनंही दिल्या.

कळप माळावरच होता. पोलीस पाटील आणि एक दुकानदार असे दोन पंच घेतले. कळपापाशी तोच जोडीदार, ज्यानं रेल्वेची गोष्ट सांगितली होती, चिलीम ओढत बसला होता. आम्हाला बघून उठलाही नाही.

"मेंढरं कुठली?"

"व्यापाऱ्याकडनं घेतली. घेतली की कानाला आपली खूण घालायची, समद्यांचाच रिवाज हाय. इचारा पाटलाला."

पाटलानं मान हलवली. रिवाज खराच होता. इथं केस बुडाली असती. तेवढ्यात ती बाई कळपात घुसली आणि चांदणीच्या मेंढीला दोन्ही हातांनी धरून घेऊन आली. कानावर जुनीच खूण, नवी नाही.

मी विचारलं, "हिचा कान का नाही कापला?"

"ऱ्हायला."

"आणि कातरली का नाही?"

त्यानं चिलीम दगडावर झटकली.

कातरकऱ्याची कात्री घेऊन मी त्याच्या हातात दिली. "विकत घेतलीस ना? मग तुझी झाली. पंचांसमोर कातर."

मी नोकरीत कुणाला मारलं नाही असं म्हणालो तर खोटं होईल. त्या दिवशी बोटही लावावं लागलं नाही. त्यानं कात्री धरली, मेंढीजवळ नेली, मागं घेतली, पुन्हा नेली. घाम नाकावरून लोकरीवर पडला. मग कात्री खाली पडली.

"माणूस मारला, जमादारसाब," तो म्हणाला. "पण देवाला लोखंड लावणार न्हाई."

पाणी आधी कुणाच्या कळपाला, यावरून भांडण झालं होतं. डोक्यात काठी बसली. मग त्यानं एका शेतात खड्डा केला, त्याच जागी दोन रात्री मेंढरं बसवली. खुरांनी माती सारखी झाली, शेतकऱ्याला खत मिळालं, कुणाला शंका आली नाही. ती जागा त्यानं पंचांसमोर स्वतः दाखवली. हाडं निघाली, हातातलं कडं निघालं. परभणीच्या कोर्टात पुढं तेच टिकलं. नुसतं पोलिसापुढं कबूल केलेलं टिकत नाही.

खड्ड्याच्या काठावर बाईनं मला विचारलं, "घोंगडी व्हती का आंगावर?"

"होती."

"कुनी घातली?"

मी जोडीदाराकडं बघितलं. तो खाली बघत म्हणाला, "म्याच. थंडी लय व्हती."

"मग बरं," ती म्हणाली. पदरानं कुंकू पुसलं आणि त्यानंतर जो हंबरडा फोडला, तो ऐकून मेंढरं पांगली.

माझी बायको मागच्या वर्षी गेली. माझ्याच मांडीवर गेली. शेवटी पाणी मागितलं, दोन घोट घेतले, भिंतीकडं तोंड केलं. घर खायला उठतं, मी रोज रडतो, लाज वाटत नाही. पण मला हे सगळं ठाऊक तरी आहे. त्या बाईला इतके महिने यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि मी तिच्यावर खेकसत होतो. केसनं मला शिकवलं ते एवढंच. चोर धरणं पोलिसाचं काम आहे, तसंच घरच्यांना सांगणंही आहे.

गावी परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्याच्या कपाटावरून बेपत्ता माणसांच्या कागदांचा गठ्ठा खाली काढला. धूळ झटकली. त्यातली बरीच माणसं शेवटपर्यंत सापडली नाहीत, हेही सांगून टाकतो. वरचाच कागद घेतला आणि सायकलीवर टांग टाकली. त्या घरच्या म्हाताऱ्यानं दार उघडलं, वर्दी बघितली आणि उंबऱ्याला धरून विचारलं, "गावला का पोरगा?"

"नाही, बाबा," मी म्हणालो. "मागच्या वेळी मी नीट ऐकलं नव्हतं. आज दिवसभर बसतो. सांगा."